उलटा बसलेला डोळा

बोरगाव, २४ ऑक्टोबर १९५६

येत्या एक तारखेला होणाऱ्या नव्या राज्याच्या रोपवाटिकेत संत्र्याची कलमं बांधायला माणूस हवा, म्हणून शेतीखात्याचे साहेब आज रामाकोना गावच्या बागेत माझा हात पाहायला आले. एरवी माझी नजर झाडावर असते. आज ती साहेबांच्या तोंडाकडे होती, आणि मी फांदीचा डोळा, जिथून कोंब फुटतो तो, खुंटाच्या रोपावर उलटा बसवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! साहेबांना ते दिसलंच नाही. म्हणाले, "शाबास! एक तारखेपासून या." मी हो म्हणालो.

बायको म्हणते, "आता दर महिन्याले पगार भेटन. मंग तोंड पाडून कायले बसून राहिले?"

तो डोळा तिथंच सोडवून सरळ का नाही केला मी? शाबासकी परत जाईल म्हणून? पूर्वी असं झालं असतं तर घास उतरला नसता. आज मात्र दोन भाकरी खाल्ल्या. त्याचीच भीती वाटून राहिली.