उलट्या पिळाचं दावं

आबा, मी दावं वळलं. तीनपेडी, अख्खं, माझ्या डाव्या हातानं. हसू नका, आधी ऐका.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, पण वडूजकडच्या आपल्या घराचा सोपा मला अजून दिसतो. तुम्ही मांडीवर केकताडाच्या पांढऱ्या धाग्यांचा वाख घेऊन पेड वळताय आणि मी नऊ वर्षांची पोर, तुमच्या गुडघ्याला टेकून बघतेय. बेंदराचा सण तोंडावर आलेला. तुम्ही रानात गेलात तेव्हा मी, अतिशहाणी, एक पेड गुपचूप वळून तुमच्या पेडांत ठेवून दिला. तुम्ही तो न बघताच दाव्यात घातला. दुसऱ्या दिवशी कालवडीनं एकच हिसडा दिला, दावं तुटलं आणि ती थेट शेजाऱ्याच्या बाजरीत! तुटकं टोक हातात घेऊन तुम्ही बघितलं, तर माझाच पेड सुटा झालेला. आई मधे पडली, "आवं, डावरी हाय ती, तिचा पीळ उलटाच पडायचा." पण तुम्ही चारचौघांत म्हणालात, "ही हात लावंल ते इस्कटतंय. पुन्यांदा वाखाला शिवू नगंस."

लय लागलं ते मला, आबा. नंतर मी सुई धरली नाही, क्रोशा शिकले नाही, दारात रांगोळीसुद्धा जावेनं काढायची. सांगलीला पोस्टात जन्म गेला. शिक्का मारायला पीळ लागत नाही, म्हणून निभावलं.

यंदा रिटायर होऊन गावी गेले, तर धाकट्या भावाच्या गाईची मान नायलॉनच्या दोरीनं सोललेली. वहिनी हळद लावत होती. बांधावर काटेरी केकताड तसंच उभं. पानं कापली, पाण्यात कुजवली. वासानं वहिनी नाक धरून पळाली. वाख धुऊन वाळवला, पहिला पेड वळला आणि तुमचे शब्द आठवून हात थांबला. मग डोक्यात आलं, अगं, तिन्ही पेड तुझेच असले तर? पीळ वाईट नव्हताच, तो तुमच्या पिळात मिसळत नव्हता, एवढंच. तिन्ही पेड माझ्या हाताचे केले आणि तुम्ही एकत्र वळायचात त्याच्या उलट वळले. बसले की घट्ट! गाईनं दोन दिवस हिसडे दिले, दावं हललं नाही. धाकटा म्हणाला, "आक्का, आबांचंबी असं नसायचं गं." मी म्हटलं, "उगं फुगवू नगंस," आणि आत जाऊन रडले. आता इथं सांगलीत कॉलनीतल्या बायका कुंड्यांना शिंकी वळून मागतात. बोटं चरचरतात, पण सकाळ कधी सरते कळत नाही.

आयुष्यभर लोकांची पत्रं पोचती केली, हे मात्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे माझ्यापाशीच. एक कबूल करते. गाईला आता दुसरं दावं आहे. ते पहिलं मी सोडवून आणलं, धुतलं आणि कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलंय. तुम्ही म्हणाल, "दावं काय बघत बसायला असतंय व्हय?" रागवा खुशाल. पण आधी एकदा ओढून बघा.