आई काय म्हणते

१४ मार्च

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा ताप उतरला, छताची गळती थांबली, औषधं पोचल्याचं वहिनींना सांग. ठीक आहे असं लिहायची पद्धत म्हणून लिहिलं. परवा तू येऊन गेल्यापासून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

नगरपालिकेतल्या तुझ्या भाषणाबद्दल ऐकलं. गाव आपलं राहिलं नाही, बाजारात आपली भाषा कानावर पडत नाही, बाहेरच्यांना खोल्या देऊ नका. टाळ्या पडल्या म्हणे. त्या सभेच्या खुर्च्या मांडणारे, तुझी दाढी करणारा, कोंबडीच्या कारखान्यात गारठ्यात उभं राहून मांस कापणारे, सगळे बाहेरचेच. इथली पोरं केव्हाच शहरात गेली, तुझा चिरंजीव सर्वांत आधी. यांची मुलं नसती तर शाळेला कुलूप लागलं असतं.

आणि आपण कोण रे? आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून. आई लग्न होऊन आली तेव्हा तिला इथला एक शब्द येत नव्हता. लोक हसतात म्हणून बाबांनी तिची भाषा घरात बंद केली. आपल्या कानावर ती पडलीच नाही.

अर्धांगाचा झटका आल्यापासून आई बरळते, असं मी तुला सांगत आले. तुझ्या निवडणुकीत अडचण नको म्हणून. ती बरळत नाही, दादा. इथली भाषा ती विसरली, आता फक्त माहेरची बोलते. मला कळत नाही. कळतं ते माडीवरच्या भाडेकरणीला, कारण ती तिकडचीच. कामावरून आली की आधी आईपाशी बसते. कुठे दुखतंय, पाणी हवंय की पांघरूण, ते मला तीच सांगते.

तिलाच तू आईच्या खाटेपाशी उभा राहून ओरडलास, "महिनाअखेर खोली रिकामी कर. तुम्ही लोकांनी गावाची वाट लावलीत."

आई घाबरली. तिने भाडेकरणीला काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं आणि आई हसली. तुला वाटलं, दोघी तुलाच हसल्या. दार आपटून गेलास.

तू गेल्यावर भाडेकरणीने मला सगळं सांगितलं. आईने विचारलं होतं, माझा मुलगा का ओरडतोय? भाडेकरीण तिला म्हणाली, "आई जेवली का, असं विचारतोय. तुम्हाला कमी ऐकू येतं ना, म्हणून मोठ्याने."

तिच्या जागी मी असते तर खरं सांगून मोकळी झाले असते.

ती कुठेही जाणार नाही. पुन्हा येशील तेव्हा आधी माडीवर जा, तेवढं एक वाक्य तिच्याकडून शिकून घे, आणि मग खाली येऊन आईला खरंच विचार.

अजून तरी तुझीच,
धाकटी