गॅलरीतून कोणी उठू नये

मी, श्रीमती विशाखा रत्नपाल ओव्हाळ, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त आरोग्य सेविका, राहणार किहीम, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, आज माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवते. मी पूर्ण शुद्धीवर आहे, तसे डॉक्टरांनी तपासून लिहून दिले आहे. मी संतापलेली आहे, हे मात्र माझे मीच लिहून देते. वकील हेमांगीताईंना विचारून घेतले. संतापाने मृत्युपत्र रद्द होत नाही. हृदयाचा भरवसा उरला नाही म्हणून लिहिते आहे, कोणी धाक घातला म्हणून नव्हे. मला धाक घालणारा अजून किहीममध्ये जन्मायचा आहे.

१. माझे पती कालकथित रत्नपाल हे प्राथमिक शिक्षक होते. आम्हाला एकच मुलगी, भक्ती. ती पालीला शिक्षिका आहे. किहीमचे घर आणि मागची नारळाची वाडी ही आम्हा दोघांची स्वकष्टार्जित मिळकत असून पतीच्या पश्चात सर्व माझ्या एकटीच्या नावे आहे. वाडवडिलांकडून आम्हाला काही मिळालेले नाही. माझी आई गोदूबाई हिने धर्मांतरानंतर घरात जन्मलेल्या पहिल्या मुलीला विशाखा हे नाव दिले, तेवढाच माझा वारसा.

२. मधले घर, स्वयंपाकघर, वाडी, बँकेतील ठेवी आणि माझे दागिने भक्तीला द्यावेत. लहानपणी ती म्हणायची, "आई, मी तुझ्या संघटनेची सभासद झाले तर तू माझ्याशी बोलशील का?" तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही. बाळा, घर तुझे आहे. पुढची खोली आणि मागची पडवी यांच्याबद्दल पुढे लिहिले आहे, त्याला तू संमती दिलीस, हे तुझे माझ्यावर उपकार आहेत.

३. मागची पडवी, न्हाणीघरासह, जनी हिला तहहयात राहण्यासाठी द्यावी. तिला कोणी उठवू नये, आणि तिच्याकडून भाडे म्हणून नारळाची करवंटीही घेऊ नये.

जनी कोण, हे कोर्टाला माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून सांगते. मी उपकेंद्रात सेविका होते, तेव्हा जनी तिथे अंशकालीन स्त्री परिचर होती. कागदावर अर्धवेळ. अडलेली बाळंतीण घड्याळ पाहून येत नाही, त्यामुळे जनी सकाळी झाडू मारायला यायची आणि शेवटची बाई सुटेपर्यंत थांबायची. माझ्यासोबत खारातून, चिखलातून लशींचा डबा डोक्यावर घेऊन चालायची. आम्ही दोघी एकाच दाराने आत गेलो आणि एकाच दाराने निवृत्त झालो. मला निवृत्तिवेतन मिळाले. जनीला नारळ आणि फुलांचा हार मिळाला. मुलाच्या घरी सुनेने तिला दोन वेळचे जेवण ऐकवून ऐकवून घातले, तेव्हा मी तिला इकडे घेऊन आले. सरकारने जे करायचे ते मी माझ्या पडवीत करते आहे, याची मला शरम वाटते, आणि ती शरम माझी नाही.

४. पुढची खोली आमच्या तालुक्याच्या अंशकालीन आरोग्य परिचर संघटनेला द्यावी. नाहीतरी ती गेली कित्येक वर्षे तिथेच बसते. या खोलीत बायका रडल्या, भांडल्या, निवेदने लिहायला शिकल्या. एकीला कामावर जाताना साप चावला, तर दवाखान्याचा खर्च कोणी करायचा म्हणून ऑफिसात टोलवाटोलवी चालली होती; आम्ही सगळ्या ऑफिसच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो आणि खर्च घेऊनच उठलो. एकीला बाळंतपणाची रजा नाकारली, तीही अशीच मिळवली. संघटना म्हणजे काय, ते मला या खोलीने शिकवले.

पण खोली अटींवर आहे. अटी का, तेही लिहिते, कारण संघटनेचा अध्यक्ष महिपत हे ऐकत बसला आहे आणि मान खाली घालून नखे पाहतो आहे.

आमचे मागणे एकच: उपकेंद्रात आयुष्य घालवलेल्या अंशकालीन बाईला निवृत्तिवेतन मिळावे, कायद्यात तशी दुरुस्ती व्हावी. त्यासाठी आम्ही आमदारांच्या दारात चपला झिजवल्या. शेवटी एका आमदारसाहेबांनी विधानसभेत लक्षवेधी सूचना दिली. त्यांचे नाव मी लिहीत नाही. मृत्युपत्रात ज्यांना काही द्यायचे त्यांचीच नावे असावीत. गेल्या पावसाळी अधिवेशनात सूचना दोनदा पुढे ढकलली गेली. तेवढ्यात आमचे अध्यक्ष महिपत यांना घाई झाली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! सूचना दाखल झाली म्हणजे प्रश्न सुटला, असे समजून त्यांनी अलिबागला हॉल घेतला, साहेबांचा जाहीर सत्कार ठरवला आणि जांभ्याच्या कंपाउंडवर सगळीकडे बॅनर लावले. आणि नेमक्या त्याच दिवशी ती सूचना कामकाजात लागली.

मी सकाळी मांडव्याच्या धक्क्यावरून महिपतला फोन केला. म्हटले, सत्कार रद्द कर, साहेबांना मुंबईतच थांबू दे. तो म्हणाला, "बाई, तुम्ही उगाच टेन्शन घेता. साहेब येतान, शाल घेतान न् परत जातान. दोन तासांचा काम. आन् बॅनर छापलेत ना!"

मी रोरोने मुंबईला गेले. समोरून येणाऱ्या एखाद्या बोटीत साहेब असतील, हे मला माहीत होते. विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून कोणाला काही कळवायची सोय नव्हती. मी वर बसले होते. खाली आमच्या सूचनेचा क्रमांक पुकारला, साहेबांचे नाव पुकारले. खुर्ची रिकामी. पुन्हा पुकारले. खुर्ची रिकामी. मग पुढची सूचना घेतली. ती कोणत्या तरी नाक्यावरच्या कमानीबद्दल होती, आणि तिचे आमदार मात्र हजर होते.

त्या वेळी अलिबागला साहेबांच्या डोक्यावर फेटा बांधणे चालू होते. जनी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, कारण तिला सांगितले होते की तुझे काम झाले. ती टाळ्या वाजवत होती! हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि मेल्यावरही विसरू नये म्हणून इथे लिहिते. अधिवेशन संपले, सूचना बुडाली. साहेब म्हणाले, पुढच्या वेळी बघू. मी त्यांच्यावर एकट्यावर चिडत नाही. ज्यांना आम्हीच हार घालायला बोलावले, ते आले. खुर्ची आम्ही रिकामी केली.

म्हणून अटी अशा: (अ) कायदा होईपर्यंत या खोलीत किंवा संघटनेच्या नावाने कोणाचाही सत्कार होणार नाही. कोणत्याही पक्षाचा आमदार आला तर त्याला चहा द्यावा, खुर्ची द्यावी, कागद द्यावा. शाल देऊ नये. (ब) विधानसभेचे अधिवेशन भरेल तेव्हा आमची सूचना किंवा प्रश्न ज्या दिवशी कामकाजात असेल, त्या दिवशी संघटनेच्या दोघींनी गॅलरीत हजर राहावे. एकीचा पास संपला की दुसरीने आत जावे. प्रवासाचा खर्च वाडीतल्या नारळांतून भक्ती देईल. (क) या अटी मोडल्या तर खोली माझा पुतण्या अजित याला जाईल. अजितला या जागी पर्यटकांसाठी कॉटेज बांधायचे आहे, आणि तो गेली तीन वर्षे माझी तब्येत फार प्रेमाने विचारतो आहे. महिपत, पुन्हा एक शाल घातलीस तर या खोलीत एसी लागेल, एवढे ध्यानात ठेव.

५. लोखंडी ट्रंकेत माझ्या सत्कारांच्या शाली आहेत. एक सोडून बाकी सर्व कापून उपकेंद्रात जन्मणाऱ्या बाळांना दुपटी शिवावीत. उरलेली एक, निळ्या काठाची, तशीच घडी करून ठेवावी. कायदा राजपत्रात छापून येईल त्या दिवशी ती जनीच्या खांद्यावर घालावी. जनी तोवर नसेल, तर तिच्यामागून जी कोणी पहिली निवृत्तिवेतन घेईल तिच्या खांद्यावर.

सर्व स्मृतिचिन्हे महिपतला द्यावीत. घरात जागा नसेल तर त्याने माळ्यावर ठेवावीत. मीही तेच केले.

वजनकाटा आणि रक्तदाबाचे मशीन नवी सेविका तेजस्वी हिला द्यावे. मशीन चालते. माझाच दाब त्याच्यात मावत नाही.

६. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. शोकसभा घेतली तर तिला प्रमुख पाहुणे नसावेत. शोकाला पाहुणे लागत नाहीत.

७. आणि हे शेवटचे. मी गेले त्या दिवशी आमची सूचना सभागृहात असेल, तर गॅलरीत बसलेल्या बाईने माझ्या मयताला येऊ नये. निरोप आला तरी उठू नये. पुढची हाक आमची असेल. माझे मयत तिच्यासाठी थांबवूही नये. मी वाट पाहणारी बाई नाही.

हेमांगीताईंनी हे सर्व मोठ्याने वाचून दाखवले. सातव्या कलमाला महिपत रडला. म्हणाला, "बाई, मयताला तरी येऊ द्या ना लोकांना." मी त्याला सांगितले, तू ये. तुझे काम गर्दी जमवायचे, ते तुला येते.

येत्या अधिवेशनात पहिली पाळी जनीची आहे. ती दाराशी बसून ऐकत होती. तिला या मृत्युपत्राने पडवी मिळते, म्हणून तिने साक्षीदार होऊ नये असे हेमांगीताई म्हणाल्या; महिपतच्या स्मृतिचिन्हांना किंमत नाही, म्हणून तो चालतो. पण तिचे म्हणणे लिहायला हरकत नाही. मी विचारले, जनी, मी गेल्याचा निरोप आला तर काय करशील? ती पदराने डोळे पुसून म्हणाली, "रडन. पन बसूनच रडन. नाव पुकारलं का साहेबाची खुर्ची बघन, न् मंगच खाली येन."

हे मी राजीखुशीने, वाचून ऐकून, माझ्या हाताने सही करून ठेवते. व्यवस्थापक म्हणून ॲड. हेमांगी यांना नेमते.

स्थळ: किहीम
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

(सही) विशाखा रत्नपाल ओव्हाळ

आम्हा दोघांसमक्ष सही केली. आम्हीही त्यांच्यासमक्ष सह्या करीत आहोत.

साक्षीदार १: (सही) हिरामण, शेजारी, किहीम

साक्षीदार २: (सही) महिपत, अध्यक्ष. सोबत आणलेली शाल परत नेत आहे.