तिकडचं घर

आबा, मी घर घेतलं. पोर्तुगाल नावाचा देश आहे, त्यातल्या डोंगरातल्या एका लहान गावात. दगडी भिंती, खाली दोन खोल्या, वर एक. कायमचं राहायला नाही. नोकरीला मी आयर्लंडलाच आहे, दवाखान्याजवळच्या भाड्याच्या घरात, आणि हे नुसतं सुट्टीत जाऊन राहायचं. तुम्ही असता तर हे तुम्हाला कसं समजावून सांगितलं असतं, याचा मी विमानात बराच वेळ विचार केला. राहायचं एकीकडं आणि घर घ्यायचं दुसरीकडं, याला तुम्ही काय म्हणाला असता ते मला ठरवता आलं नाही. सध्या मी पंधरा दिवसांसाठी गावी आले आहे. भाऊ शेतावर गेलाय, माय अंगणात तुरी निवडत बसली आहे, आणि मी आतल्या खोलीत तुमच्या लोखंडी कॉटवर बसून हे लिहिते आहे.

आजोबांची मेंढरं होती. तुम्ही मेंढरं सोडून थापी धरलीत आणि गवंडी झालात. औंढ्याला देवळाच्या मागं यात्रेकरूंसाठी बांधलेल्या खोल्या, रस्त्याकडची दुकानं, सिद्धेश्वरला धरणावरच्या क्वार्टरांची डागडुजी, सगळीकडं तुमचा हात होता. मी दहा-अकरा वर्षांची असेन. रविवार आहे, तुमची भाकरी घेऊन मी औंढ्याला आले आहे, आणि तुम्ही मला एका नव्या भिंतीच्या कोपऱ्याशी उभं करून एक डोळा मिटायला सांगता. काय दिसतं, विचारता. मी म्हणते, भिंत. "भिंत समद्यालाच दिसती," तुम्ही म्हणता. "तिला पोट आलंय का ते बघ." मला काहीच दिसत नाही. मग तुम्ही ओळंबा सोडता, आणि दोरी आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट खालून वर जाताना कमी होते, ती मला दिसते. भिंत दुसऱ्या मिस्त्रीची होती. जेवण झाल्यावर तुम्ही ती कमरेपर्यंत उतरवलीत. मालक तिथंच उभा होता, पण तुम्ही त्याला एका शब्दानं विचारलं नाही.

नर्सिंगला माझा नंबर लागला त्या दिवशीचं स्वयंपाकघरही मला नीट आठवतं. माय चुलीपुढं, तुम्ही ताटावर, आणि मी उंबऱ्यात बसून सांगते आहे की नोकरी लागली की मी तुम्हाला स्लॅबचं घर बांधून देईन. कौतुक होईल असं वाटलं होतं. तुम्ही घास खाली ठेवलात. "घराचं नाव काढू नको. शिकायला चाललीस, शिक," एवढंच म्हणालात आणि पुन्हा घास उचललात. जायच्या दिवशी औंढ्याच्या स्टँडवर मात्र तुम्ही खिशातून एक घड्याळ काढून दिलंत. हिंगोलीला जाऊन आणलं होतंत. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरला विचारलं होतंत की नर्सिंगला काय लागतं, आणि ती म्हणाली होती, नाडी मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ. मला नोकरी लागून वर्ष व्हायच्या आत तुम्ही गेलात. मी शिकत असताना लागलेला आणि तुम्हाला घेऊन गेलेला तो खोकला सिमेंटच्या धुळीचा असणार, हे मला आज एका वाक्यात सांगता येतं. तेव्हा मी तेच शिकत होते, पण ते तुमच्या छातीशी जोडून बघितलं नव्हतं.

घराचं असं झालं. दवाखान्यातल्या एका मैत्रिणीबरोबर मी त्या देशात आठवडाभर फिरायला गेले होते. डोंगरातल्या एका गावात दारावर विक्रीची पाटी दिसली. मैत्रिणीनं गंमत म्हणून फोन केला आणि एजंट तासाभरात किल्ली घेऊन आला. घराची मालकीण म्हातारी बाई, पांढऱ्या केसांची, शेजारीच लेकीकडं राहणारी. ती पण आली. एजंट खिडकीतून दिसणारी दरी दाखवत होता, आणि मी काही न ठरवता मागच्या खोलीच्या कोपऱ्याशी जाऊन एक डोळा मिटला. भिंतीला पोट आलं होतं. मी बोट दाखवल्यावर एजंटचा चेहरा उतरला. म्हातारी मात्र हसली आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. एजंटनं ते मला सांगितलं: नवऱ्याला हे कायम खटकायचं, म्हणून त्यानं तिथं कपाट उभं केलं होतं. पुढं तिथल्या इंजिनिअरनं तपासून तेच सांगितलं, आणि भिंत तेवढी उतरवून बांधावी लागेल असं लिहून दिलं. मग वकिलाला कळलं की वरची खोली सरकारी कागदात कुठंच नाही. ती कागदावर येईपर्यंत सात महिने गेले. या सात महिन्यांत मला कितीदा तरी माघार घेता आली असती. मी घेतली नाही.

खरेदीच्या दिवशी तिथला नोटरी अख्खा कागद मोठ्यानं वाचून दाखवतो, तसा कायदाच आहे. मला भाषा येत नाही म्हणून शेजारी दुभाषी बाई बसली होती. माझं नाव, मग अविवाहित, मग जन्म कुठला. त्यांच्या भाषेत ह उच्चारत नाहीत. नोटरी म्हणाला, "इंगोली, इंदिया." मी दुरुस्त केलं नाही आणि सही केली.

हे मी काल सकाळी घरात सांगितलं. माझ्या लग्नाचा विषय आता कुणी काढत नाही, पण मी गावात घर बांधणार हे सगळ्यांनी न बोलता धरलेलं होतं, म्हणून सांगायला आठ दिवस लागले. मायनं सुपातला हात न थांबवता पहिला प्रश्न विचारला, "पानी हाय का तिथं?" नळ आहे म्हटलं. "दार कुनीकडं हाय?" उगवतीकडं. "मंग बराबर हाय," ती म्हणाली आणि पुन्हा तुरीकडं वळली. भाऊ म्हणाला, "तिकडं कोन हाय आपलं?" मी म्हटलं, कुणी नाही. तो उठला आणि मला घरामागं घेऊन गेला.

मागं शेळ्या बांधतात तिथं दगडाचा एक पाया आहे, जमिनीपासून हातभर वर आलेला. मी तो कितीदा पाहिला असेल. गोठ्याचा आहे, पैशाअभावी राहिला, असं मी धरून चालले होते. भावानं एक शेळी बाजूला केली आणि म्हणाला, "ह्यो तुझा हाय. तू शिकायला गेलीस त्याच साली आबांनी घेतला. दोन खोल्या तुझ्या नावानं."

मी विचारलं, मला काहून सांगितलं नाही?

"मी सांगनार होतो. आबा म्हनले, तिला सांगू नको. सांगितलं तर ती परत येईन."

मग तो शेळ्यांना पाला टाकायला गेला. मी पायाच्या चारी बाजूंनी फिरले. दगड जागचे हललेले नाहीत. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. तुम्ही माझ्यासाठी जागा धरून ठेवलीत आणि मला ती कळू दिली नाहीत, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे समजायला मला थोडा वेळ लागेल. संध्याकाळी भाऊ म्हणाला, आता तरी दोन खोल्या उभ्या करू, मी लक्ष घालतो. मी बघू म्हटलं. बघू म्हणजे नाही, हे त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं पुन्हा विचारलं नाही. मायनं मात्र मला जेवताना दोनदा वाढलं.

हे पत्र मी बॅगेत ठेवीन, किंवा जाताना फाडून टाकीन. तुम्हाला एक सांगायचं राहिलं. आज सकाळी मी परतीचं तिकीट दोन दिवस अलीकडचं, पोर्तुगालमार्गे करून घेतलं. घरात सांगितलं की दवाखान्यातून बोलावणं आलंय. बोलावणं आलेलं नाही. ते दोन दिवस मी त्या डोंगरातल्या घरात एकटी राहणार आहे. मला तिथं कुणी ओळखत नाही, आणि मला जायची घाई झाली आहे.