क्रोनिनबाईंकडे पाव पोचव

डेलिया,

दुपारी शिपाई दादाला शोधत येऊन गेले. टेबलावरचे सोड्याचे चार पाव पाहून त्यांचा साहेब हसत म्हणाला, "दोघी बहिणींच्या घरात एवढं खातं कोण?" मी म्हटलं, शेजारच्या क्रोनिनबाईंचा नवरा गेलाय, मयताला येणाऱ्यांसाठी भाजलेत. "मग संध्याकाळी आम्हीही भेटून येतो त्यांना," असं म्हणून त्याने एक पाव मोडून खाल्ला. जाईपर्यंत त्याची नजर मॉर्टीदादाच्या पलंगावर होती.

मी दादाला सावध करायला जातेय. तू आल्याआल्या उरलेले तीन पाव फडक्यात गुंडाळून क्रोनिनबाईंकडे ने. रस्त्यानेच जा, चार लोकांना दिसू दे. त्यांना एवढंच सांग की हे तुम्हीच मागितले होते. बाई समजून घेतील.

चुलीवरच्या भांड्यात एक पाव आहे, झाकणावर निखारे घातलेत. बुडाला टिचकी मारून बघ, पोकळ वाजला की काढ. घाईत मीठ घातलं का, आठवत नाही.

कुणी विचारलं तर मी ताक आणायला गेलेय. मडक्यात ताक आहे, ते आधी ओतून टाक. ही चिठ्ठीही चुलीत घाल.

अंधार पडला की कडी लाव. दादा एकटा आला तर हाक मारणार नाही, मागच्या खिडकीवर टकटक करेल. पुढच्या दारातून त्याने तुला नाव घेऊन बोलावलं, तर उघडू नकोस. तो एकटा नसेल.

हॅना