पाण्यात न्यायचा डबा

८ ऑक्टोबर २०२३

ठरत नाही! लग्नाआधीचे फोटो आता सगळ्यांना पाण्याखाली हवेत आणि माझं घोडं कॅमेऱ्यापाशीच अडलंय. छोटा वॉटरप्रूफ घ्यावा, तर गढूळ उजेडात चेहरे फिके येतात. स्टुडिओतला मोठाच न्यावा, तर त्याच्याच मापाचं हाऊसिंग हवं – म्हणजे पाणी न शिरणारा डबा. प्लास्टिकची पिशवीही मिळते. मुख्तारनं ती हातात घेतली आणि नुसता हसला.

मुख्तार शहागंजात कॅमेरे दुरुस्त करतो. शाळेपासूनचा दोस्त. त्याला विचारल्याशिवाय मी साधी बॅटरीही घेत नाही.

१५ ऑक्टोबर

डबा घेतला! वापरलेला, पण मुख्तारनं शोधून दिलेला. आत कागदी रुमाल ठेवून त्यानं रिकामा डबा बादलीत बुडवला. रुमाल कोरडा. मग बजावलं – “झाकण लावायच्या आधी रबरी रिंग पुसायची. एक बाल बसला तरी पाणी आत.” व्हय व्हय म्हणालो.

२४ ऑक्टोबर, दसरा

स्टुडिओत पूजा. आई म्हणाली, नुसत्या डब्याला कुंकू कशाला, आतल्याला लाव. डबा उघडून कॅमेऱ्याला हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. फूल काढलं आणि झाकण लावून टाकलं.

२७ ऑक्टोबर

सगळं बुडालं. दौलताबाद रस्त्यावरच्या फार्महाऊसचा स्विमिंग पूल. जोडपं पाण्यात, मी पाण्यात आणि डब्यातून बुडबुडे! कॅमेरा गेला. नवरदेवाच्या बापानं चारचौघांत माझी काढायची तेवढी काढली.

कॅमेरा गाडीत टाकला आणि तसाच ओलाचिंब शहागंजात गेलो. डबा मुख्तारच्या काउंटरवर आपटला. दुकानात माणसं होती. म्हणालो, “तुम्हा लोकांवर भरवसा ठेवला, हीच चूक झाली.”

 डबा तिथंच टाकून निघून आलो.

२८ ऑक्टोबर

सुकवायला कॅमेरा उघडला. लेन्सच्या खाचेत दोन तांदूळ, कुंकवानं लाल. मी रिंग पुसलीच नव्हती! एखादा दाणा तिथंही राहिला असणार. त्यानं बजावलं होतं तेच.

लाज वाटते. कॅमेऱ्याची नाही, तोंडातून जे गेलं त्याची.

२ नोव्हेंबर

शहागंजात काम होतं. गेलो नाही.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

मुख्तार फराळाला आला नाही. दर दिवाळीला येतो, आईशी वाद घालून जास्तीच्या करंज्या उकळतो. आईनं विचारलं, “भांडलास का रे त्याच्याशी?” नाही म्हणालो. इतका पडेल चेहरा करून, की तिनं पुढं विचारलं नाही.

उद्या जातो. चूक माझी होती, एका दाण्यानं घात केला, असं सांगतो. ऐकून हसेल. हसला की संपलं!

१३ नोव्हेंबर

सांगितलं. हसला नाही. म्हणाला, “दाना मला त्याच दिवशी दिसला, रामकिसन. रिंगीलाच चिपकला व्हता. म्हटलं, घाईत राहून गेलं असंल. त्याचा राग मला कधीच नव्हता.”

मग हातातला कॅमेरा दुरुस्त करायला लागला.  मी निघालो, तरी त्यानं वर पाहिलं नाही.