मुदतीआधीचे गाऱ्हाणे

मालवण, कार्तिक शुद्ध दशमी

मन स्थिर नाही. आज देवळात मी केले ते योग्य होते का?

उद्यापासून गाड्या थांबवायच्या, म्हणून बस आगारातील मंडळी नारळ ठेवायला आली. पुढे माझा मुलगा सदानंद. चालक, आणि त्यांच्या संघटनेचा सचिव. मागणी न्याय्य आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु संपाच्या नोटिशीची मुदत अद्याप संपलेली नाही. तत्पूर्वी संप केला तर तो बेकायदा ठरेल आणि सर्वांत आधी सदानंदाची नोकरी जाईल. सकाळी त्याला समजावले, तर म्हणाला, "कायदो बघीत ऱ्हवलंव तर जल्म जातलो, बाबानू."

सर्वांच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालण्याचा मान माझा. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांका यश दी." सर्वजण म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग मी म्हणालो, "नोटिशीची मुदत पुरी होयपर्यंत गाडये चालू ऱ्हवांदेत, म्हाराजा." सवयीने पुन्हा एका स्वरात, "व्हय म्हाराजा." नंतर सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. देवापुढचा शब्द मोडायला कोणी धजावेना. संप मुदतीपर्यंत पुढे गेला.

सदानंदाचे ओठ मात्र त्या वेळी मिटलेले होते.

मी त्यांना वाचवले, की त्यांच्या श्रद्धेत पकडले? देवासमोर असा डाव खेळणे कोणत्या धर्मात बसते? ते मिटलेले ओठ डोळ्यांपुढून हलत नाहीत.

जेवताना तो एवढेच म्हणाला, "तुमी गाऱ्हाणा देवाक घातलात, की आमका?"

पहाटेची कुडाळची गाडी त्याचीच आहे. आणि 'व्हय' न म्हणालेला, म्हणून त्या शब्दाने न बांधलेला, तो एकटाच.